मतदारयादीच्या घरभेटी ऊसतोडीच्या हंगामात नकोत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

राज्यातला २०२५-२६ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाला. त्याच आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, देशातल्या बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाच्या (घरोघर जाऊन यादी नव्याने तपासण्याच्या मोहिमेच्या) घरभेटी सुरू झाल्या. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. इथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका तोंडावर होत्या, एवढेच त्याचे कारण. तसे नसते, तर धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, पाथर्डी या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) अर्जांचा गठ्ठा घेऊन पोचले असते, तेव्हा घरामागून घराला कुलूप दिसले असते. माणसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या फडात किंवा बेळगाव, बागलकोटकडे गेलेली असतात, ती गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात.

आपल्या राज्यासाठी ही मोहीम ठरवताना निवडणूक आयोगाने आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी घरभेटींचा महिना या माणसांकडे बघून ठरवावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. घरभेटी जून ते ऑगस्टमध्ये घ्याव्यात. दसऱ्यानंतर घेऊ नयेत.

ही भीती कुठून आली, ते आकड्यांवरून कळते. बिहारमध्ये २४ जून २०२५ ला मोहीम जाहीर झाली तेव्हा यादीत ७ कोटी ८९ लाख नावे होती. १ ऑगस्टच्या प्रारूप (कच्च्या) यादीत ७ कोटी २४ लाख उरली. कमी झालेल्या सुमारे ६५ लाखांत मयत साधारण २२ लाख, दुबार ७ लाख, आणि ‘कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत’ या रकान्यात ३६ लाख. उत्तर प्रदेशच्या ६ जानेवारी २०२६ च्या प्रारूप यादीतून २ कोटी ८९ लाख नावे गेली. त्यात मयत ४६ लाखांच्या आसपास, दुबार २५ लाखांच्या आसपास आणि ‘स्थलांतरित वा गैरहजर’ तब्बल २ कोटी १७ लाख. आपल्या शेजारच्या गोव्यासारख्या लहान राज्यातही प्रारूप यादीतून सुमारे एक लाख नावे कमी झाली.

मयत माणसाचे नाव यादीत राहू नये, याबद्दल वाद नाही. दुबार नाव निघालेच पाहिजे. मृत्यूचा दाखला हातात असूनही घरचे नाव वगळण्याचा नमुना ७ भरत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षे मयतांची नावे राहतात, हेही खरे. याद्या धुऊन काढण्याची गरज आहेच. पण बिहार आणि उत्तर प्रदेश या दोन्ही राज्यांत सगळ्यात मोठे गाठोडे तिसऱ्या रकान्याचे आहे. मयत असल्याचा दाखला निघतो, दुबार नाव संगणकावर सापडते. ‘सापडला नाही’ हे मात्र बीएलओ ज्या दिवशी दारात उभा होता, त्या दिवसावर अवलंबून असते. बिहारमध्ये हे काम जून-जुलैत झाले आणि तिथले मजूर तेव्हा पंजाबात, दिल्लीत, मुंबईत होते. आपले मजूर नोव्हेंबरात कुठे असतात, हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे.

या मोहिमेत प्रत्यक्ष काय होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. यादीत नाव असलेल्या प्रत्येकासाठी बीएलओ एक छापील गणना अर्ज दोन प्रतींत आणतो. त्यावर नाव, एपिक (मतदार ओळखपत्र) क्रमांक, यादीभाग आणि जुना फोटो आधीच छापलेला असतो. मतदाराने नवा फोटो चिकटवायचा, जन्मतारीख, मोबाईल क्रमांक, आईवडिलांची नावे भरायची, मागच्या सखोल पुनरीक्षणाच्या यादीतला स्वतःचा किंवा आईवडील, आजीआजोबांचा तपशील लिहायचा आणि सही वा अंगठा करायचा. एक प्रत बीएलओ नेतो, दुसरीवर पोच देतो. अर्ज परत आला तर नाव प्रारूप यादीत, नाही आला तर बाहेर. या टप्प्यावर कागदपत्रे मागायची नाहीत, असे दुसऱ्या, म्हणजे बारा राज्यांच्या, टप्प्यात ठरले होते. म्हणजे घरभेटीच्या महिन्यात नागरिकत्वाचा किंवा वयाचा प्रश्नच येत नाही. प्रश्न एकच असतो: भरलेला कागद परत आला की नाही.

आता बीएलओच्या बाजूने हिशेब मांडू. एका मतदान केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार, अशी मर्यादा २०२५ मध्ये आली, आधी ती १,५०० होती. घरात सरासरी चार मतदार धरले तर ३०० घरे. बंद घराला तीन भेटी द्यायच्या आहेत, पण उघड्या घरालाही एक अर्ज देण्याची आणि एक घेण्याची फेरी लागतेच. सगळे मिळून ३० दिवसांत सातशे ते नऊशे घरभेटी, म्हणजे दिवसाला पंचवीस-तीस. त्यावर रोज चाळीस अर्ज मोबाईलवर चढवायचे. बीएलओ म्हणजे जिल्हा परिषदेचा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. शाळा किंवा अंगणवाडी सांभाळून हे सगळे. त्याचे वर्षाचे मानधन २०२५ मध्ये सहा हजारांवरून बारा हजार झाले, म्हणजे महिन्याला एक हजार. अशा माणसाने तिसऱ्यांदा तीन किलोमीटरवरच्या वस्तीवर जाऊन पुन्हा कुलूपच बघितले, तर तो ॲपमध्ये काय नोंदवणार? तिथे पर्याय मोजके आहेत: मयत, कायमचे स्थलांतरित, गैरहजर किंवा सापडत नाही, आधीच दुसरीकडे नोंद, आणि इतर. ‘हंगामापुरता बाहेर’ असा रकानाच नाही. ओट्यावर बसलेली म्हातारी सांगते, ‘उसाला गेल्यात, पाडव्याला येतील.’ तिचे ते वाक्य भरायला अर्जात जागा नाही.

कायद्यात मात्र जागा आहे, आणि ती स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २० मध्ये ‘सर्वसाधारण रहिवासी’ कोण, हे सांगितले आहे. त्याच कलमाचे पोटकलम १-क म्हणते की, एखादा माणूस आपल्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणापासून तात्पुरता दूर असला, तर तेवढ्यावरून तो तिथला रहिवासी नाही असे होत नाही. पाच-सहा महिने कोपीत (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) राहून गावी परतणारे कुटुंब या व्याख्येत बसते. त्यांचे घर गावात, रेशन कार्ड गावात, पोरांची शाळा गावात, ग्रामसभा गावात. कोपी हे त्यांचे राहण्याचे ठिकाण नाही, कामाचे आहे, आणि दर हंगामात ते बदलते. म्हणून त्यांना ‘कायमचे स्थलांतरित’ म्हणणे कायद्याला धरून नाही. पोटासाठी पुण्याला, चाकणला जाऊन तिथेच खोली करून राहिलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी नमुना ८ भरून नाव तिकडे हलवावे. तिकडे नव्या नोंदणीचा नमुना ६ भरू नये, कारण त्यात गावचे नाव तसेच राहते आणि माणूस दुबार ठरतो. दोन मतदारसंघांत नाव ठेवायला कलम १७ ची मनाई आहे. नोंदणीसाठी खोटे निवेदन केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यावर ‘प्रारूप यादीनंतर दावे-हरकतींना महिना असतो, अपील असते’ असे उत्तर मिळते. ते कागदावर बरोबर आहे. पण तो महिनाही हंगामातच येतो. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, तिथे कुलूप. गैरहजर, स्थलांतरित, मयत यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, ती वाचायला माणूस गावात नाही. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे पंधरा दिवसांत अपील करायचे, त्यानंतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत. कोयता खाली ठेवून इस्लामपूरहून वडवणीला कोण येणार? मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, खाडा धरला जातो, आणि नवरा-बायकोच्या जोडीतला एक निघाला की दुसऱ्याचेही काम थांबते. बिहारमध्ये वगळलेल्या ६५ लाखांची नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट २०२५ ला सांगावे लागले. त्यानंतरच कोण कशासाठी गेला, हे लोकांना बघता आले. आपल्याकडे ही कारणांसहची यादी पहिल्या दिवसापासून केंद्रनिहाय लागली पाहिजे आणि मोबाईलवरही सहज उघडली पाहिजे. मुकादमाच्या फोनवर आली तर ती तळावर पोचते.

मागच्या यादीशी सांगड घालण्याच्या कामाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मराठवाड्यात खरी अडचण तिथे येणार आहे. बहुतेक राज्यांत मागचे सखोल पुनरीक्षण २००२ ते २००४ च्या दरम्यान झाले. त्या यादीत आपले किंवा आईवडिलांचे नाव सापडले, तर पुढे कागदपत्रांची गरज नाही. नाही सापडले तर नोटीस आणि सुनावणी. पण ती यादी २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेआधीची आहे. परळी भागातला मतदार आज ‘परळी’ या नावाखाली जुनी यादी शोधायला गेला, तर त्याला काहीच मिळणार नाही, कारण तेव्हा परळी मतदारसंघच नव्हता. तो भाग रेणापूर मतदारसंघात होता. बीड जिल्ह्यातला चौसाळा मतदारसंघ पुनर्रचनेत गेला, तिथली गावे आज दुसऱ्या मतदारसंघांत आहेत. म्हणजे आधी आपले गाव तेव्हा कुठल्या मतदारसंघात होते ते काढायचे, मग यादीभाग, मग अनुक्रमांक. जुनी ओळखपत्रे ‘एमटी’पासून सुरू होणाऱ्या लांबलचक क्रमांकाची होती, आताचा क्रमांक तीन अक्षरे आणि सात आकड्यांचा. त्यामुळे क्रमांकावरून शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. नावावरूनच शोधावे लागते. वाड्यावस्त्यांवर घर क्रमांकाच्या जागी शून्य किंवा रेघ असते, त्याचाही आधार नाही.

बायकांचे तर आणखी अवघड. २००२ नंतर लग्न होऊन आलेल्या बाईचे जुन्या यादीत नाव नसेल, तर तिला सासरच्या नव्हे, माहेरच्या यादीत आईवडील शोधावे लागतात. नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे नाव त्यासाठी चालत नाही. माहेर पाथर्डीचे असेल तर दुसरा जिल्हा, दुसरी यादी. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलतेच, कित्येकदा पहिले नावही बदलते. ‘रुक्मिणी’ कागदावर ‘रुखमिनबाई’ होते. आई ‘सरूबाई’ होती की ‘सरस्वती’, हे तिच्या मुलीलाही सांगता येत नाही. इंग्रजी-मराठी लिप्यंतराने गोंधळ वाढतो: ‘ज्ञानोबा’ एका कागदावर इंग्रजीत ‘डी-एन’ने, दुसऱ्यावर ‘जी’ने. संगणक ती दोन माणसे धरतो. म्हणून अशा तफावतींवर थेट नोटीस काढण्याआधी बीएलओने गावातच दोन्ही नोंदी समोर ठेवून पंचनाम्यासारखी नोंद करावी, अशी सूचना निघाली पाहिजे. गावात कोण कोणाची लेक, हे पोलीस पाटलाला आणि अंगणवाडी सेविकेला तोंडपाठ असते.

सुनावणीत जी कागदपत्रे चालतात, त्यांची यादी घरोघर माहीत असायला हवी. जन्मदाखला, पासपोर्ट, बोर्डाचे दहावीचे प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, सक्षम अधिकाऱ्याचा कायम निवासाचा दाखला, वनहक्क प्रमाणपत्र, सरकारने दिलेल्या जमिनीचा किंवा घराचा वाटपादेश, सरकारी नोकरीचे किंवा निवृत्तिवेतनाचे कागद, १ जुलै १९८७ पूर्वीचे सरकारी, बँकेचे, पोस्टाचे वा आयुर्विमा महामंडळाचे कागद, अशी अकरा प्रकारची ती यादी आहे. ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारावे म्हणून आधार कार्ड आले, तेही ओळखीपुरते, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही. त्यात रेशन कार्ड नाही, रोजगार हमीचे जॉब कार्ड नाही, शाळा सोडल्याचा दाखलाही नाही. ऊसतोड कुटुंबात नेमके हेच तीन कागद असतात. दहावीपर्यंत पोचलेले कमी, पासपोर्ट कुणाकडे नाही. जातीचे प्रमाणपत्र मात्र बहुतेकांना काढता येते, आणि तेच त्यांच्या उपयोगाचे आहे. तहसील कचेऱ्यांनी उन्हाळ्यात गावोगाव शिबिरे घेऊन ही प्रमाणपत्रे काढून द्यावीत. नोटीस हातात पडल्यावर सेतू केंद्रावर रांग लावून काही होत नाही.

जन्मतारखेप्रमाणे नियम बदलतो, हेही लोकांना माहीत नाही. १ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेल्याला स्वतःचा एक कागद पुरतो. त्या तारखेपासून २ डिसेंबर २००४ पर्यंतच्याला स्वतःचा आणि आई किंवा वडील यांपैकी एकाचा. त्यानंतरच्याला स्वतःचा आणि आईवडील दोघांचाही. पहिल्यांदाच मतदार होणारी पोरे तिसऱ्या गटात येतात.

एकदा विधानसभेच्या यादीतून नाव गेले की किती मतदाने जातात, याचा विचार सहसा होत नाही. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी मतदार नोंदणी करत नाही. तो विधानसभेचीच यादी घेतो आणि ती प्रभाग, गण, गटांत तोडतो. २०२५-२६ च्या स्थानिक निवडणुकांना १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली होती. त्या यादीत नसलेले नाव प्रभागाच्या यादीत घालण्याचा अधिकार त्या आयोगाला नाही. म्हणजे एका बंद दारामुळे लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत, अशी पाच मतदाने जातात. ग्रामपंचायतीत दोन-चार मतांनी सदस्य निवडून येतो. तिथे वस्तीवरची वीस नावे गेली, की त्या वस्तीचा रस्ता, पाणी आणि दिवाबत्ती विचारणारे कुणी उरत नाही.

जून ते ऑगस्टच का, तेही सांगतो. माणसे गावात असतात. जूनमध्ये शाळा सुरू होते, त्यामुळे शिक्षक बीएलओही गावातच असतो. पाऊस, पेरणी, खुरपणी असते, पण दिवेलागणीला सगळे घरी येतात. मतदार होण्याच्या वयासाठी आता वर्षाला चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे १ जुलै किंवा १ ऑक्टोबर धरून यादी करायला कायद्याची आडकाठी नाही. दावे-हरकतींचा महिना पोळ्याच्या आसपास आला, तर नोटिशीला उत्तर द्यायलाही माणूस हजर असतो.

हंगामातच घ्यायचे ठरले, तर निदान चार गोष्टी कराव्यात. ॲपमध्ये आणि बीएलओच्या नोंदीत ‘हंगामी स्थलांतर’ हा वेगळा रकाना द्यावा, आणि त्या रकान्यातले नाव कुटुंब परतेपर्यंत प्रारूप यादीतून काढू नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम सरकारने सुरू केले होते. ती नोंद बीएलओच्या हातात द्यावी, म्हणजे कोणते कुलूप हंगामी आहे हे त्याला बाहेरूनच कळेल. साखर आयुक्तालयाने कारखान्यांना सांगून गव्हाणीजवळ आणि टोळ्यांच्या तळावर संध्याकाळी सातनंतर अर्ज भरून घ्यावेत. दिवसा तिथे कुणी सापडत नाही, पहाटे तर मुळीच नाही. आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर गेलेल्यांसाठी बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या निवडणूक शाखांनी सीमेपलीकडे माणूस पाठवावा. बिहारबाहेर असलेल्या बिहारी मतदारांसाठी आयोगाने देशभरच्या वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या होत्या. तेवढी दखल ऊसतोड मजुरांचीही घ्यावी.

ऑनलाइन अर्जाचा मार्ग आहे, पण तो सोपा नाही. त्यासाठी मोबाईल क्रमांक मतदार ओळखपत्राशी जोडलेला लागतो आणि आधारवरचे नाव यादीतल्या नावाशी जुळावे लागते. फोन बहुधा नवऱ्याचा, आणि सिम दर हंगामात नवे. ऑनलाइन सोयीचा गैरवापर काय होतो, तेही सोलापूरच्या शेजारी दिसले. कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी नावे वगळण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते, तपासणीत त्यांतले फक्त २४ खरे निघाले. तिथे तपासणी झाली म्हणून नावे वाचली. गावाबाहेर असलेल्या माणसाच्या नावावर नमुना ७ पडला, तर ‘इथे राहत नाही’ हे वरवर खरेच वाटते. म्हणून हंगामात आलेल्या अशा अर्जांवर कुटुंब परतल्याशिवाय निर्णय होऊ नये.

प्रत्यक्ष मतदानाचा प्रश्न याच्या पुढचा. गेल्या काही वर्षांत मतदान पुष्कळांच्या दारात गेले आहे. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना २०२४ च्या लोकसभेला देशभर घरून मतदान करता आले. त्यासाठी अधिसूचनेपासून पाच दिवसांत नमुना १२-ड द्यावा लागतो. सैनिकांना टपाली मतपत्रिका संगणकावरून जाते. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत केंद्रे असतात. म्हणजे मतदारसंघाबाहेर राहून मत देण्याची तत्त्वतः अडचण नाही. मजुरासाठी मात्र यातले काहीच नाही. एका जागी ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकेल, असे यंत्र आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे आणले. पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच राहिले. त्या शंका अगदीच पोकळ नव्हत्या: परक्या जिल्ह्यातल्या केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी कोण बसणार, आचारसंहिता कुठली लागणार, यांची उत्तरे मिळाली नव्हती. दुसरीकडे बिहारच्या राज्य निवडणूक आयोगाने २८ जून २०२५ ला काही नगरपालिकांत मोबाईलवरून मतदान घेतले, आणि त्यात स्थलांतरित मजुरांनाही धरले. पुनरीक्षण जाहीर होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. एकाच राज्यात, एकाच आठवड्यात, एक आयोग परगावच्या मजुराचे मत फोनवर घेत होता आणि दुसऱ्याची घरभेट त्याला शोधत त्याच्या बंद दाराशी चालली होती.

महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले आणि गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झाले होते. नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ ला झाले. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देणारे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चे कलम १३५-ब रोजंदारीवाल्यालाही लागू आहे, पण चारशे किलोमीटरवरच्या फडातून एका दिवसात गावी जाऊन परत येणे होत नाही. ज्यांना उमेदवार गाडी पाठवतो, ते येतात. त्या गाडीत बसलेल्या माणसाचे मत किती मोकळे राहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मतदानाची सोय आज ना उद्या करावीच लागेल. पण त्यासाठी आधी नाव यादीत टिकले पाहिजे.

‘गैरहजर’ यादीवरून आणखी एक गैरसमज होतो, तो दूर करतो. मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित, मयतांची एक यादी असते. आपले नाव तिच्यात आहे असे कळले, की पुष्कळजण तसेच परत फिरतात. फिरू नये. नाव मूळ यादीत असेल, तर ओळख पटवून, सहीबरोबर अंगठा देऊन आणि निवेदन लिहून देऊन मत देता येते. ओळखीसाठी तिथे जॉब कार्ड चालते, फोटो असलेले बँकेचे पासबुकही चालते. पुनरीक्षणातली ‘गैरहजर’ यादी मात्र वेगळी. तिच्यातले नाव प्रारूप यादीतच नसते, आणि मग खिशातल्या ओळखपत्राचा उपयोग नाही. अशा वेळी नमुना ६ भरून नव्याने नोंद करावी लागते. ती उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी केली तरच उपयोग, कारण हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात.

कुटुंबांनी आणि मुकादमांनी उचल घ्यायच्या दिवसांतच हे करून ठेवावे. मुकादम तेव्हा प्रत्येक कोयत्याचे (ऊसतोड जोडीचे) आधार कार्ड बघतोच. त्याच वेळी नमुना ८ भरून चालू मोबाईल क्रमांक ओळखपत्राशी जोडून घ्यावा. गणना अर्जावर घरातल्या कोणत्याही सज्ञान माणसाला, नाते लिहून, दुसऱ्यासाठी सही किंवा अंगठा करता येतो, ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. शेजाऱ्याला ते करता येत नाही. म्हणून मागे राहणाऱ्या म्हातारा-म्हातारीजवळ प्रत्येकाचे दोन फोटो, ओळखपत्राची आणि आधारची झेरॉक्स, आणि जुन्या यादीतला मतदारसंघ, भाग व अनुक्रमांक एका कागदावर लिहून ठेवावा. पक्षांच्या केंद्र प्रतिनिधींना दिवसाला ५० पर्यंत अर्ज गोळा करून देता येतात. त्यांनी कुलपांची घरे आधी घ्यावीत. बीएलओकडून पोच असलेली दुसरी प्रत मागून घ्यावी आणि तिचा फोटो फडातल्या माणसाच्या फोनवर पाठवावा. प्रारूप यादी लागली, की त्या पोचेवरचा एपिक क्रमांक टाकून नाव आहे का, हे त्याच दिवशी बघावे. नसले तर दाव्यासाठी तेव्हापासून महिनाच हातात असतो.

आपला,
मतदारयादीच्या कामाची माहिती असलेला एक वाचक,
जि. बीड